गुरुवारी आठपर्यंत

नेपरव्हिल, बुधवार, 10 जानेवारी, पहाटे 3

अहो,

झोप येत नाही. इथे पहाटेचे तीन, म्हणजे तिकडे दुपारचे अडीच. तुम्ही जेवून सोप्यात आडवे झाला असाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं आणि मग भिंतीपलीकडे नातू जागा होतो. म्हणून लिहायला बसले. ताई या कागदांचे फोटो काढून दादाला पाठवणार आहे. त्याला म्हणावं मोठ्या अक्षरात छापून आण.

आधी लाडवांचं सांगते, ते मनातून जाईना. मधल्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने डबा उघडायला लावला. आत्याबाईंनी पाटावर बसून वळलेले डिंकाचे लाडू. हातमोजा घालून त्याने एक उचलला, दाबला, फोडला. मग दुसरा. मी ‘स्वीट’ म्हटलं, ‘फूड’ म्हटलं, त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकवीसातले नऊ फोडले, चुरा हाताने आत ढकलला आणि झाकण न लावता डबा माझ्याकडे सरकवला. माझ्या मागे दीडशे माणसं उभी, झाकण कुठे पडलं ते शोधायलाही त्याने थांबू दिलं नाही. आत्याबाईंना यातलं काही सांगू नका. ताई चुरा दुधात घालून खाते, वाया कणभर गेला नाही. पण मला राग आहे तो आहेच.

आता कालचं. जावयांचं शिकागो शहरात काम होतं. ते म्हणाले, आई, तुम्हाला आर्ट इन्स्टिट्यूटला सोडतो, संध्याकाळी परत नेतो. ताईने रजा घेतली. मी चष्मा, वही, 2 बीच्या तीन पेन्सिली, गुडघ्याचा पट्टा असं सगळं घेऊन निघाले. चौतीस वर्षं ज्या जागेचं नाव चित्रांच्या पुस्तकात बारीक अक्षरांत वाचलं, तिच्या पायऱ्यांशी उतरले तर दार बंद. मंगळवारी आणि बुधवारी बंदच असतं. वार आम्हीच बघितला नव्हता. ताईचा चेहरा एवढासा झाला. ती रडेल की काय म्हणून मीच म्हटलं, बाहेरून तर बघू.

दाराशी दोन बाजूंना दोन सिंह आहेत, एडवर्ड केमिसचे, 1894 सालचे. ब्राँझ हिरवं पडलंय आणि पाठीवर बर्फ. त्यांच्यापाशी फार थांबले नाही, कारण उत्तरेच्या बाजूला छोटी बाग आहे आणि तिच्यात मला हेन्री मूर दिसला. उंच, काळपट, आतून पोकळ असा आकार, खांद्यावर बर्फाची रेघ. मी कठड्याला धरून उभी राहिले. औंधच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात जी दगडातली मायलेकरं आहेत ना, ती याच माणसाच्या हातची. दरवर्षी शाळेच्या सहलीला एसटीने पोरं घेऊन जायचे तेव्हा पोरं यमाईच्या पायऱ्यांकडे पळायची आणि मी त्यांना ओढून त्या लहानशा दगडापुढे उभं करायचे. बाळासाहेब पंत स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 साली ते संग्रहालय उभं केलं, म्हणून आमच्या रहिमतपूरच्या पोरांना हेन्री मूर बघायला मिळाला. हे मी ताईला सांगायला लागले आणि तिने माझ्या कानाला हात लावून बघितला. कान बधिर झाले होते, मला कळलंही नव्हतं.

ऊसतोडीची टोळी आली का? फडाच्या कडेची मका आधी काढून घ्या, नाहीतर गाडी वळवताना तुडवतील.

तुमची,
सौ.

शुक्रवार, 12 जानेवारी

अहो,

आज जायचं ठरलं होतं, पण रात्रीपासून बर्फ पडतोय. जाड, ओला बर्फ. जावयांनी दोनदा फावड्याने वाट काढली, दोनदा पुन्हा भरली. खिडकीतून बाहेर बघितलं की घरं, झाडं, गाड्या सगळं एकाच पांढऱ्यात, रेघ कुठे संपते कळत नाही. पोरांना स्मरणचित्रात बर्फ काढायला सांगितलं की ती ढगासारखे गोळे काढायची. काढून दाखवायला मी स्वतः तरी कुठे बघितला होता?

दिवसभर घरात, म्हणून नकाशा घेऊन बसले. ताईने म्युझियमचा नकाशा दोन कागदांवर छापून दिला आहे. तिचं म्हणणं असं की मोबाइलवर ‘हे दहा बघाच’ अशा याद्या असतात, त्यातली एक घेऊ आणि दोन तासांत उरकू. मी नाही म्हटलं. आमची थोडी वादावादी झाली. तिथे सुमारे 3 लाख वस्तू आहेत. दहा बघितल्या काय आणि शंभर बघितल्या काय, उरायचं तेवढं उरणारच. मग कोणत्या दहा हे दुसऱ्याने का ठरवावं?

मी पहिल्यांदा यादी केली ती एक्केचाळीसची झाली. मग हिशेब मांडला. माझे गुडघे सलग वीस मिनिटं उभे राहतात, नंतर बसावं लागतं. चित्र बघायला, खरं बघायला, एकाला दहा मिनिटं तरी हवीत: एकदा लांबून, एकदा जवळून, पुन्हा लांबून. आपल्या परीक्षेत स्थिरचित्राला मुलांना कितीतरी वेळ देतो, तोही एक तांब्या आणि दोन कांदे बघायला. मग चित्रकाराने वर्ष-दोन वर्षं खपून केलेल्या चित्राला अर्धं मिनिट? तीन तास धरले, त्यातून चालणं, लिफ्ट, चहा आणि बसणं वजा केलं, तर सात चित्रं बसतात. एक्केचाळीसातली चौतीस मी स्वतःच्या हाताने खोडली. तुम्हाला खोटं वाटेल, पण एल ग्रेको खोडताना माझे डोळे भरून आले.

दारं दोन आहेत. एक मिशिगन अॅव्हेन्यूवर सिंहांचं, एक मागे मन्रो स्ट्रीटवर, 2009 साली रेंझो पियानोने बांधलेल्या नव्या इमारतीचं. नव्या दाराने गेलो तर माझ्या चित्रांपर्यंत पोचायला सबंध इमारत ओलांडावी लागते, कारण मधे खालून रेल्वेचे रूळ जातात आणि इमारत त्यांच्यावरून पुलासारखी टाकली आहे. म्हणून सिंहांचं दार. तिथून मोठा जिना चढला की समोर फ्रेंच चित्रं. जिना चढायचा का लिफ्ट घ्यायची यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही.

या जिन्याचं तुम्हाला मुद्दाम लिहिते. विवेकानंद 11 सप्टेंबर 1893 ला बोलले ती सर्वधर्मपरिषद याच इमारतीत भरली होती. आपल्या मुंबईच्या जितिश कल्लाट यांनी 2010 साली ते भाषण या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं, माणसं एकेक ओळ चढत वर जायची. आता ते नाही. तरी जिना तोच. म्हणून मला चढायचाच आहे, ताईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पिशवीचंही माप आहे. 13 बाय 17 बाय 4 इंचांपेक्षा मोठी असेल तर ठेवून जावी लागते. माझी शबनम बसते, मी फूटपट्टी लावून बघितली. पेन्सिल चालते, रंग आणि शाई नाही. फ्लॅश न मारता फोटो चालतात. तिकीट 32 डॉलर, पासष्टी उलटलेल्यांना 26. इलिनॉयच्या रहिवाशांना हिवाळ्यात ठराविक वारी फुकट असतं, म्हणून ताईचं बहुतेक लागणार नाही. माझे मात्र पूर्ण 32, मला अजून ज्येष्ठ धरत नाहीत. म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. मी हे ऐकून गप्प बसले. जावयांनी ते ओळखलं आणि म्हणाले, आई, सात चित्रं म्हणजे चित्राला पाच डॉलरसुद्धा पडत नाहीत. इथे एका कॉफीला तेवढे जातात. माणूस गुणी आहे, तुम्ही उगाच त्याच्याशी अबोला धरता.

संध्याकाळी ताईने मेथी केली. जुडी दोन डॉलर, आणि तीही देठच जास्त. बाजरीचं पीठ जुनं, भाकरी थापताना कडेला चिरत होती. मी गरम पाण्यात उकड घेऊन थापली तेव्हा जमली. नातू लोणी मागत होता.

तुमची,
सौ.

सोमवार, 15 जानेवारी, संक्रांत

अहो,

तिळगूळ घ्या. आत्याबाईंच्या पाया पडते.

आज उणे तेवीस आहे. सुट्टी होती, म्युझियम उघडं होतं, सगळे रिकामे होते, आणि जाता आलं नाही. जावई कचऱ्याचा डबा ठेवायला दारापर्यंत गेले तर भुवया पांढऱ्या होऊन परत आले. दाराच्या कडीला आतून बर्फ धरलाय. मी सकाळपासून शालीत आहे, वर ताईचा कोट, तरी हाडात गारठा शिरतो. घरात हीटरची कोरडी हवा, ओठ फुटलेत, तूप लावतेय.

आज काही लिहावंसं वाटत नाही. वाण द्यायला कोणी नाही. दुपारी इथल्या मंडळातल्या दोघी येणार होत्या, त्यांनीही नको म्हणून कळवलं. सुगडं मिळाली नाहीत. ताईने काचेच्या बरण्यांत बोरांऐवजी द्राक्षं, गाजर आणि हरभऱ्याऐवजी डब्यातले चणे घालून देवापुढे ठेवले. पोर मन लावून करत होती आणि मी तिच्यावर चिडले. उसाचं कांडं नाही म्हणून चिडले. आपल्या दारात ऊस उभा आणि इथे तुकडा नाही. नंतर फार वाईट वाटलं, तिला जवळ घेतलं.

आत्याबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रीजवरच्या स्टीलच्या डब्यात आहेत, निळी पट्टी सकाळी. म्हैस नीट खाते का?

गुरुवारी जायचंच. गुरुवारी आठपर्यंत उघडं असतं.

सौ.

गुरुवार, 18 जानेवारी, रात्री 11.30

अहो,

बघून आले.

पाय ठणकतात, पट्टा सोडून बसलेय, तरी आत्ताच लिहिते. उद्या लिहिलं तर मी ते नीटनेटकं करीन आणि खरं सुटेल.

दुपारी दोनला ताईबरोबर गाडीने शहरात उतरलो. अॅडम्स स्ट्रीट धरून सरळ चालत गेलं की रस्ता जिथे संपतो तिथे म्युझियम. पाऊण तास लागला, कारण घसरत होतं आणि ताईने माझा दंड सोडला नाही. जिना चढले. दोनदा थांबून, पण चढले. तुमच्या नावाने एक पायरी मोजली, आठवी.

वर पोचल्यावर पहिलंच कायबोतचं पावसातलं पॅरिस, 1877 चं. छत्र्या आणि ओले दगडी चौक. यादीत होतं, बघितलं, छान आहे. माझं लक्ष नव्हतं. मला 240 नंबरच्या दालनात जायचं होतं.

तुम्हाला ते चित्र माहीत आहे. जॉर्ज सुराचं, ‘ला ग्रांद जात’ बेटावरची रविवारची दुपार. माझ्या कोल्हापूरच्या पुस्तकातलं, ज्याचं पान सुटलंय आणि मी डिंकाने लावलंय. पुस्तकात ते पोस्टकार्डाएवढं आहे. मी वर्गात तेच धरायचे आणि मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, बाई, दिसत नाही. मी पुढे या म्हणायचे.

इथे ते सबंध भिंत आहे. दालनात शिरल्यावर मी मागे सरकले, पाठ समोरच्या भिंतीकडे गेली, तरी एका नजरेत मावेना. ती काळी छत्रीवाली बाई, जिच्या हातात माकडाची दोरी आहे, ती उंचीने जवळजवळ मोठ्या माणसाएवढी आहे. मधली पांढऱ्या फ्रॉकातली मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे बघते. पुस्तकात ती मुलगी म्हणजे शाईचा ठिपका होती. तिला चेहरा आहे हे मला आज कळलं.

मग मी जवळ गेले, राखणदार जाऊ देतो तेवढी. आणि अहो, मी चौतीस वर्षं पोरांना चुकीचं सांगत आलेय. मी सांगायचे, हे सबंध चित्र ठिपक्यांचं आहे, एकही रेघ नाही. तसं नाही. खाली ब्रशचे फटकारे आहेत. गवतात एकमेकांवरून जाणारे, झाडांच्या बुंध्याला उभे, पाण्यात आडवे. 1884-85 मध्ये त्याने ते असं रंगवलं आणि दुसऱ्या वर्षी परत येऊन वरून ठिपके दिले. म्हणजे आधी साध्या रीतीने एक पुरं चित्र केलं, ते त्याला पटलं नाही, आणि एवढ्या मोठ्या कापडावर पुन्हा सुरुवातीपासून कष्ट घेतले. पूर्ण झालं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. एकतिसाव्या वर्षी गेला. छापील पानावर हे दिसूच शकत नाही. छपाईतच सगळं ठिपक्यांचं होतं, कोणते त्याचे आणि कोणते यंत्राचे कसं ओळखणार? पोरांना पुस्तकावर भिंग धरायला लावायचे, ते आठवून मला तिथेच कसंतरी झालं.

आणखी एक. गवतात आणि कपड्यांत जागोजागी तपकिरी, मातकट ठिपके आहेत. ते मुळात झगझगीत पिवळे होते. त्याने वापरलेला जस्ताचा पिवळा रंग त्याच्या हयातीतच काळवंडायला लागला. म्हणजे उन्हाचं गवत त्याला जसं हवं होतं तसं आता कोणीच बघू शकत नाही, मीही नाही. मी डोळे बारीक करून ते ठिपके पिवळे करून बघत होते. थोडा वेळ जमलं.

हे चित्र आता इथून कुठे जात नाही. 1958 मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी पाठवलं होतं, तिथे म्युझियमला आग लागली, चित्र वाचलं. तेव्हापासून बाहेर पाठवलेलं नाही. म्हणून ज्याला बघायचं त्याने इथेच यायला हवं. मी आले. मी त्याच्यापुढे पस्तीस मिनिटं होते, म्हणजे ठरवल्यापेक्षा पंचवीस जास्त, आणि त्यापायी यादीतली दोन चित्रं गेली. गेली तर गेली.

बाकीचं भरभर. व्हॅन गॉगची झोपायची खोली, 1889 ची: भिंती निळ्या दिसतात, पण मुळात जांभळ्या होत्या, तांबडा रंग विटला. हॉपरचं रात्रीचं हॉटेल आणि ग्रँट वुडचं शेतकऱ्याचं आणि त्याच्या मुलीचं चित्र बघितलं. शेतकऱ्याच्या हातातला काटा आपल्या वैरणीच्या काट्यासारखाच, फक्त तीन दातांचा. पिकासोचा म्हातारा गिटारवाला राहिला. खाली तळघरात थॉर्नबाईंच्या अडुसष्ट चिमुकल्या खोल्या आहेत, फुटाला एक इंच या मापाच्या, त्या नातवासाठी राखून ठेवल्या.

साडेसहाला बाकावर बसून ताईने पर्समधून पराठ्याची गुंडाळी काढली, मग लक्षात आलं की दालनात खाता येत नाही, म्हणून खाली उपाहारगृहाशेजारी जाऊन खाल्ली. चहा घेतला. इथला चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी, वेगळं दूध. तरी घेतला, हात गरम झाले. ताई म्हणाली, आई, तू त्या चित्रापुढे वर्गात बोलतेस तशी बोलत होतीस, मोठ्याने. एक गोरी बाई तुझं ऐकत उभी होती. मला यातलं काही आठवत नाही.

वहीत मी फक्त एक काढलं. ती पांढऱ्या फ्रॉकातली मुलगी.

तुमची,
सौ.

शनिवार, 20 जानेवारी

अहो,

दादाने छापून दिलेली आधीची पत्रं मिळाली म्हणून कळवलंत, बरं वाटलं. टोळी आली हे वाचून जीव भांड्यात पडला. वाढं गड्यांना देऊन टाकू नका, म्हशीला लागेल.

तुम्ही विचारलंत, परत जाणार का. पुढच्या गुरुवारी जाणार, नातवाला घेऊन, खालच्या खोल्या आणि राहिलेली दोन चित्रं. त्याच्यासाठी वेगळी आखणी करतेय, पोर अर्ध्या तासात कंटाळेल.

आता एक काम. मी परत येईपर्यंत वेळ काढून शाळेत जाऊन या. मुख्याध्यापक तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. चित्रकलेच्या वर्गाची मागची भिंत, जिथे फळा नाही, तिची लांबी-उंची मोजा. लोखंडी टेप माळ्यावर पेटीत आहे. मला उभी सहा फूट पावणेदहा इंच आणि आडवी दहा फूट सव्वा इंच एवढी मोकळी जागा पाहिजे, खिडकी न येता. रजिस्टरचं कपाट मधे येत असेल तर कुठपर्यंत येतं ते लिहा. नव्या मास्तरांना विचारून त्या मापाची चौकट पांढऱ्या खडूने आखायची आहे, आणि पुस्तकातलं पान तिच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवायचं. ठिपके कुठे आणि फटकारे कुठे हे मी आल्यावर खडूने दाखवीन. पोरांना तेवढं तरी माप कळू दे.

टेपचं टोक गंजलंय, पहिला इंच सोडून मोजा.

तुमची,
सौ.